गाडीतला फ्यूज नेमकं कुणाला वाचवतो? मामांची व्हॅन, जळालेली वायर आणि फ्यूज टॅप

आधी एक प्रश्न. गाडीत डॅशकॅम किंवा मोबाइल चार्जर बसवला, आणि दोन दिवसांनी फ्यूज उडाला. तुम्ही काय कराल? दहापैकी आठ जण म्हणतील, "थोडा मोठा टाकू, म्हणजे परत उडणार नाही." माझे मामाही असंच म्हणाले होते. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

आमचं गाव हिवरा आश्रम, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. मामांची एक जुनी व्हॅन आहे, पेट्रोलवरची. ती मेहकर आणि चिखलीच्या रस्त्यावर भाड्याने चालते. जानेवारीत विवेकानंद आश्रमाचा जन्मोत्सव असतो, त्या दिवसांत तर गाडीला उसंत नसते. ज्यांनी तो महाप्रसाद पाहिलाय त्यांना माहीत आहे, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पंगतीत फिरते आणि माणसं मोजायची सोय नसते. अशा गर्दीत गाडी चालवायची तर डॅशकॅम हवा, आणि पॅसेंजर "दादा, चार्जिंग आहे का?" विचारतात म्हणून मागच्या सीटला यूएसबी चार्जर हवा. मामांनी दोन्ही एका दुकानातून बसवून घेतले. अर्ध्या तासात काम झालं.

आठवड्याभरात लायटर सॉकेटचा फ्यूज उडाला. मामा परत दुकानात गेले. तिथल्या पोराने १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढला, ३० चा हिरवा टाकला आणि म्हणाला, "आता टेन्शन नाही."

उत्सवाच्या दिवशी संध्याकाळी सहा पॅसेंजर घेऊन आम्ही निघालो. मी पुढे बसलो होतो. गावाबाहेर पडलो तोच मामा म्हणाले, "काऊन रे, जळल्याचा वास येऊन राहिला का?" मला आधी वाटलं बाहेर कुठे तुराट्या पेटवल्या असतील. मग पायाजवळ धूर दिसला. मामांनी गाडी कडेला घेतली, सगळ्यांना उतरवलं, चावी बंद केली. धूर तरी थांबेना. शेवटी सीट उचलून बॅटरीचं टर्मिनल काढलं तेव्हा कुठे तो शांत झाला. डॅशबोर्डखालून हातभर काळी वायर निघाली, प्लास्टिक वितळून आतला तांबा उघडा पडलेला. आणि फ्यूज? तो अगदी ठणठणीत होता!

फ्यूज ठणठणीत आणि वायर जळालेली, हे कसं? माझं डोकं तिथेच अडकलं. मग मी मॅन्युअल, डेटाशीट, मेकॅनिक असं जे मिळेल ते धरून बसलो. आजच्या लेखात तेच सांगतोय.

फ्यूज गॅजेटसाठी नसतोच

फ्यूज म्हणजे सर्किटमधला मुद्दाम ठेवलेला सगळ्यात कमजोर तुकडा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला की आतली धातूची पट्टी गरम होऊन वितळते आणि रस्ता तुटतो. इथपर्यंत शाळेत शिकलोय. पण तो वाचवतो कुणाला? आपल्याला वाटतं डॅशकॅमला, टेपला, चार्जरला. तसं नाही. गाडीतला फ्यूज मुख्यतः त्याच्या पुढच्या वायरला वाचवतो. कंपनी आधी वायर किती जाड आहे ते बघते, ती न तापता किती करंट नेऊ शकते ते काढते, आणि त्याच्या आतला आकडा फ्यूजवर येतो.

आपल्याकडे गावात हे समजावणं सोपं आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या बोर्डात किटकॅट असतं. त्यात फ्यूजची बारीक तार बांधायची असते. ती सारखी उडते म्हणून कुणीतरी वैतागून जाड तार गुंडाळतो. मोटार चालू होते, पाणी पडतं, सगळे खूश. मग एक दिवस फेज जातो, मोटार घुं-घुं करत बसते, जाड तार काही तुटत नाही, आणि मोटारीची वाइंडिंग जळते. रिवाइंडिंगचा खर्च कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मामांच्या व्हॅनमधला तो हिरवा फ्यूज म्हणजे किटकॅटमधली जाड तारच होती.

आता हिशोब बघू. दुकानातल्या पोराने चार्जरसोबत आलेली बारीक वायर वापरली होती, साधारण अर्धा चौरस मिलिमीटरची. ती वायर डॅशबोर्डखाली एका लोखंडी पट्टीवर घासत होती. खड्ड्या-खड्ड्याने वरचं प्लास्टिक कापलं गेलं आणि तांबा बॉडीला अर्धवट टेकायला लागला. पूर्ण टेकला असता तर शंभरच्या वर अँपिअर ओढले गेले असते आणि ३० चा फ्यूजही क्षणात उडाला असता. पण अर्धवट टेकलं की मधे थोडा रोध राहतो. समजा तो सगळा मिळून अर्धा ओहम धरला. १२ व्होल्ट भागिले ०.५, म्हणजे २४ अँपिअर. वॅटमध्ये १२ गुणिले २४, म्हणजे २८८ वॅट! ३० च्या फ्यूजसाठी २४ अँपिअर म्हणजे रोजचं काम, तो हलणार नाही. पण अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरला ते झेपत नाही. ती तापत जाते, वितळते आणि शेजारच्या वायरींनाही सोबत घेते.

मग १५ चाच ठेवला असता तर? २४ अँपिअर म्हणजे १५ च्या १६० टक्के. तो बहुतेक मिनिटभराच्या आत उडाला असता. "बहुतेक" म्हणतोय, कारण फ्यूज लगेच उडतो हाही एक गैरसमज आहे. पात्याच्या फ्यूजचे तक्ते पाहिले तर थोड्याशा जादा करंटला, म्हणजे दहा टक्के वगैरे, तो तासन् तास तग धरतो. १३५ टक्क्यांना काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो. दुप्पट करंटला मात्र साधारण पाच सेकंदांच्या आत जातो. म्हणूनच बारीक वायरवर १५ चा फ्यूजसुद्धा नीट संरक्षण नाही. नवी वायर टाकली की तिच्या मापाचा तिचा स्वतःचा फ्यूज हवा. दुकानात झालेली खरी चूक ही होती. ३० चा फ्यूज टाकणं हे त्याच्या वरचं पाप.

रंग आणि साइज

आज बहुतेक गाड्यांत जे रंगीत प्लास्टिकचे दोन पायांचे फ्यूज दिसतात, ते लिटलफ्यूज या अमेरिकन कंपनीने १९७६ साली आणले. त्याआधी काचेच्या नळीचे असायचे, जुन्या गाड्यांत आणि काही बाइकमध्ये ते अजूनही सापडतात. रंगांची भाषा ठरलेली आहे: ५ अँपिअर फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. रंग पुसट झाला तरी डोक्यावर आकडा छापलेला असतो. बारीक अक्षर दिसत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करा.

रंगापेक्षा लोक साइजला जास्त फसतात. रेग्युलर फ्यूज साधारण १९ मिलिमीटर रुंद, मिनी ११, आणि मायक्रो-२ त्याहून थोडा अरुंद. शिवाय एक लो-प्रोफाइल मिनी असतो, रुंदी मिनीइतकीच पण पाय प्लास्टिकच्या बाहेर जवळपास येतच नाहीत. मायक्रो-३ ला तर तीन पाय असतात. टॅप ऑनलाइन मागवण्याआधी गाडीतला फ्यूज काढून पट्टीवर ठेवा आणि फोटो काढा. मी न मोजता पहिल्यांदा चुकीचा मागवला आणि परत करण्यात चार दिवस गेले.

फ्यूज टॅप म्हणजे काय?

दुकानातल्या पोराने काय केलं होतं? वायर सोलली, तांब्याचे धागे फ्यूजच्या पायाला गुंडाळले आणि फ्यूज परत दाबून बसवला. हे तुम्हाला गावोगावी दिसेल. त्यात तीन भानगडी होतात. फ्यूज नीट बसत नाही आणि सैल जागा तापते. सॉकेटची पकड कायमची फाकते. आणि वायर कुठल्या पायाला गुंडाळली यावर सगळा खेळ असतो. बॅटरीकडच्या पायाला गुंडाळली असेल, तर त्या वायरला त्या जागचा कुठलाच फ्यूज लागू होत नाही!

फ्यूज टॅप, काही जण याला अ‍ॅड-अ-सर्किट म्हणतात, ही छोटीशी वस्तू आहे. खाली फ्यूजसारखे दोन पाय, वर दोन फ्यूज बसतील अशा दोन खाचा, आणि बाजूने एक वायर बाहेर आलेली. जुना फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप बसवायचा. एका खाचेत जुना फ्यूज, जुन्याच आकड्याचा. दुसरीत नव्या वायरचा नवा फ्यूज. म्हणजे जुनं सर्किट होतं तसं राहतं आणि नव्याला स्वतःचा राखणदार मिळतो. बहुतेक टॅपमध्ये पायांजवळची खाच जुन्यासाठी असते, पण खात्री करून घ्या. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक बाहेरच्या वायरला आणि दुसरं खाचांच्या कडांना लावा. फ्यूज न बसवता जी कड वायरशी बीप देते, ती खाच नव्या सर्किटची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. टॅपला दिशा असते.

दोन पायांपैकी एक दोन्ही फ्यूजना सामाईक असतो. तो सॉकेटच्या बॅटरीकडच्या, म्हणजे "गरम" बाजूला यायला हवा. तसा बसला तर करंट आधी सामाईक पायात येतो आणि तिथून दोन वाटा फुटतात. एक जुन्या फ्यूजमधून जुन्या सर्किटला, एक नव्या फ्यूजमधून नव्याला. उलटा बसवला तरी डॅशकॅम चालू होतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण तेव्हा नव्या सर्किटचा करंटही जुन्या फ्यूजमधून जातो. दोन्हीची बेरीज झाली की जुना फ्यूज उडतो आणि माणूस परत "थोडा मोठा टाकू" वर येतो. मामांच्या व्हॅनमध्ये पहिल्यांदा फ्यूज उडाला तो असाच, वायर पलीकडच्या पायाला गुंडाळलेली होती आणि सॉकेटवर कुणीतरी टायरमध्ये हवा भरायचा पंप लावला.

दिशा ओळखायची कशी? फ्यूज काढा, चावी ऑन करा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि टोक सॉकेटच्या दोन्ही फटींना एकेक करून लावा. ज्या फटीत दिवा लागतो ती गरम बाजू. मग चावी बंद करून टॅप बसवा.

बसवून झाल्यावर एक खात्रीची परीक्षा आहे. जुना फ्यूज टॅपमधून काढा आणि चावी ऑन करा. नवा डॅशकॅम चालू राहिला तर दिशा बरोबर. तोही बंद पडला तर टॅप उलटा आहे, काढून फिरवा. कधी कधी फिरवला की तो शेजारच्या फ्यूजला किंवा झाकणाला अडतो. अशा वेळी दाबून कोंबू नका, दुसरी जागा शोधा.

कुठल्या फ्यूजला हात लावायचा नाही

गाडीत साधारण दोन फ्यूज बॉक्स असतात, एक डॅशबोर्डखाली आणि एक बॅटरीच्या किंवा इंजिनच्या बाजूला. झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो. त्यात एअरबॅग (काही ठिकाणी एसआरएस लिहिलेलं असतं), एबीएस, इंजिनचा ईसीयू, फ्युएल पंप, स्टीअरिंग, हेडलाइट, ब्रेक लाइट यांपैकी काहीही दिसलं की ती जागा सोडून द्या. तिथे सैल जोड झाला तर नुसता डॅशकॅम बंद पडून भागत नाही. लायटर सॉकेट, टेप, मागचा वायपर अशी बिनमहत्त्वाची सर्किटं निवडा. आणि चावी बंद केल्यावर मरणारी निवडा, याचं कारण पुढे येतं.

अजून एक मर्यादा. टॅप बरोबर दिशेने बसला तरी सॉकेटचा सामाईक पाय आणि मागून येणारी वायर दोन्हींचा करंट वाहते. म्हणून बहुतेक टॅपवर कमाल १० अँपिअर लिहिलेलं असतं, आणि मी तर तिथपर्यंतही जात नाही. मोठ्या हॉर्नला, फॉग लॅम्पला, अ‍ॅम्प्लिफायरला टॅप वापरायचाच नाही. त्यांना बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीला जितका जवळ बसेल तितका जवळ फ्यूज, आणि मधे रिले. हेच हेडलाइटचं. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब डिमरवर मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. त्याजागी १००/९० चे टाकले की तोच आकडा १५ वर जातो, वायर मात्र जुनीच. होल्डर वितळलेल्या कितीतरी गाड्या तुम्ही गॅरेजात पाहिल्या असतील.

मामांच्या गाडीत मी काय केलं

जळालेला भाग एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने नवा केला. ते काम मी केलं नाही, करायची माझी लायकीही नव्हती. नवं सर्किट मात्र त्याच्या देखरेखीखाली मीच बसवलं.

आधी हिशोब. डॅशकॅम १० वॅट, दोन पोर्टचा चार्जर ३६ वॅट, एकूण ४६. भागिले १२, म्हणजे ३.८ अँपिअर. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते म्हणून ४.३ धरले. फ्यूजवर सतत पाऊणपट भार असावा असा अंगठेनियम आहे, म्हणजे ४.३ भागिले ०.७५, साधारण ५.७. याच्या वरचा मिळणारा फ्यूज ७.५. वायर एक चौरस मिलिमीटरची, गाडीसाठीची लवचीक, जिला ७.५ अँपिअर म्हणजे किरकोळ. आधी वायर, मग फ्यूज, असा क्रम लक्षात ठेवा. दोन्ही गॅजेटना जाणाऱ्या फाट्याही त्याच जाडीच्या ठेवल्या. पुढे बारीक वायर जोडली असती तर परत पहिले पाढे पंचावन्न.

जोड पिळून टेप लावले नाहीत. आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद महिन्याभरात सुटतो. थिंबल दाबून वर हीट श्रिंकची नळी चढवली. निगेटिव्हसाठी बॉडीचा एक पक्का बोल्ट शोधला, खालचा रंग खरवडला आणि थिंबल कसली. रंगावर कसली तर अर्थ अर्धवट लागतो आणि कॅमेरा मधेच बंद-चालू होत राहतो. वायर लोखंडाच्या कडेवरून जाते तिथे स्लीव्ह घातली, पेडल आणि स्टीअरिंगपासून लांब बांधली. सगळं करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलेलं होतं, फक्त टेस्ट लॅम्पच्या वेळी जोडलं. मग जुना फ्यूज काढून परीक्षा घेतली. कॅमेरा चालू राहिला. मामा म्हणाले, "एवढ्याशा टिकलीसाठी चार घंटे?"

मग मामांना हवं होतं की गाडी उभी असतानाही कॅमेरा चालावा. इथे मी अडलो. सतत चालू राहणाऱ्या फ्यूजला टॅप मारला तर कॅमेरा समजा ०.३ अँपिअर ओढतो. चोवीस तासांत ७.२ अँपिअर-तास. व्हॅनची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची. म्हणजे दोन-तीन दिवस गाडी अंगणात राहिली की सकाळी धक्का मारायला माणसं बोलवा. पार्किंग मोड हवाच असेल तर कट-ऑफवालं हार्डवायर किट घ्या, जे बॅटरीचं व्होल्टेज १२ च्या आसपास उतरलं की कॅमेरा स्वतः बंद करतं. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, त्यामुळे कट-ऑफ निवडायला मिळत असेल तर वरचा निवडा. मामांनी विचार करून पार्किंग मोडचा नाद सोडला.

बाइकवाल्यांसाठी

तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे कार नसेल, बाइक असेल आणि हँडलवर मोबाइल होल्डर-चार्जर. बहुतेक छोट्या बाइकवर एक-दोनच फ्यूज असतात आणि टॅप मारण्यासारखी जागा नसते. तिथे टॅपच्या मागे लागू नका. चार्जरची पॉझिटिव्ह वायर बॅटरीवरून घ्या, टर्मिनलजवळच वॉटरप्रूफ होल्डरमध्ये ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि चार्जर चावीवर चालणाऱ्या रिलेतून किंवा निदान स्विचमधून न्या. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतोच, म्हणजे छोट्या बाइकच्या चार्जिंगवर तो भार आधीच आहे. त्यावर मोठे फॉग लाइट लावणाऱ्यांची बॅटरी लवकर का बसते, ते यातून कळेल. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर वायरिंगला हातच लावू नका. आणि गाडी कुठलीही असो, वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, वायर कापली म्हणून पुढे क्लेम अडू शकतो.

व्हॅनच्या डॅशबोर्डच्या खणात आता एक प्लास्टिकची डबी आहे. त्यात ७.५, १० आणि १५ चे दोन-दोन फ्यूज आणि तो पांढरा प्लास्टिकचा चिमटा. ३० चा एकही नाही, मामांनी तो हिरवा फ्यूज त्याच संध्याकाळी रस्त्याकडेच्या नाल्यात भिरकावला होता.